मणक्याचा संधिवात आणि पुन्हा धावणं : बडोद्यात अजून कोणी आहे का?

पहाटपावलं | रविवार, सकाळी ९.४०

आज कमाटीबागेत सलग ३ किलोमीटर धावले. मध्ये एकदाही चालले नाही. २४ मिनिटं लागली. सहा वर्षांपूर्वी हेच अंतर मी १७ मिनिटांत पळायचे, पण त्या १७ मिनिटांचा असा आनंद कधी झाल्याचं आठवत नाही. फुलांच्या घड्याळाजवळच्या बाकावर बसून घरी फोन लावला आणि बोलायला आवाजच फुटेना. नवरा घाबरला, त्याला वाटलं पडले कुठेतरी.

आता मुळापासून सांगते, कारण माझ्यासारखं कोणी वाचत असेल तर त्याला सुरुवातच जास्त उपयोगी पडेल.

२०१८ आणि २०१९ च्या हिवाळ्यात मी नवलखी मैदानावरून अर्धमॅरेथॉन धावले होते. त्यानंतर धाकटीचा जन्म झाला आणि दोन-तीन महिन्यांत कंबर दुखायला लागली. सगळ्यांनी एकच सांगितलं, बाळंतपणाची कंबर आहे. शेक झाला, तेल झालं, डिंकाचे लाडू झाले. दुखणं मात्र विचित्र होतं. दिवसभर घरात कामं करताना बरं वाटायचं आणि रात्री तीनच्या सुमारास कुल्ल्याच्या आत, खोल कुठेतरी, ठणका लागून जाग यायची. कधी उजवीकडे, कधी डावीकडे. उठून गॅलरीत दहा मिनिटं येरझाऱ्या घातल्या की कमी व्हायचं. सकाळी पलंगावरून उठताना आधी कुशीवर, मग कोपरावर, मग पाय खाली, असं टप्प्याटप्प्याने उठावं लागे. वाकून बेसिनमध्ये तोंड धुता येत नसे. अकरा वाजले की मी पुन्हा माणसासारखी.

एक्स-रे नॉर्मल आला. एका डॉक्टरांनी तीन आठवडे झोपून राहायला सांगितलं. ते तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट. जितकी पडून राहिले तितकी आखडले.

अशी तीन वर्षं गेली. निदान झालं ते डोळ्यामुळे. एक दिवस डावा डोळा लालभडक झाला, उजेड सहन होईना, अंधुक दिसायला लागलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी यंत्रातून पाहिलं आणि थेंब लिहून देता देता विचारलं, "तुमची कंबर दुखते का? सकाळी आखडते का?" मी बघतच राहिले. डोळ्याच्या आतली ती सूज म्हणजे युव्हायटिस, आणि तो मणक्याच्या संधिवाताबरोबर येतो हे मला तेव्हा कळलं. त्यांनी रुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मणक्याचा तळ जिथे कुल्ल्याच्या हाडांना जोडला जातो तिथल्या दोन्ही बाजूंच्या सांध्यांचा एमआरआय झाला, एचएलए-बी२७ (या आजाराशी नातं असलेलं जनुक) पॉझिटिव्ह आला, आणि आजाराला नाव मिळालं : अँकायलोझिंग स्पाँडिलायटिस. तेव्हा मी ३४ वर्षांची होते.

डॉक्टरांनी पाठीवर पेनाने दोन खुणा केल्या, मध्ये १० सेंटिमीटर अंतर. मग म्हणाले, वाका. निरोगी पाठ वाकली की हे अंतर १५ च्या आसपास जायला हवं. माझं १२.५ भरलं. छाती फुगवायला लावून टेप लावली, तीही जेमतेम फुगली. बरगड्या जिथे मणक्याला जोडलेल्या असतात तिथेही सूज असते, त्यामुळे पूर्ण श्वास भरत नाही. पळताना दम का पुरत नव्हता त्याचं उत्तर त्या टेपवर होतं. मी तीन वर्षं स्वतःला आळशी म्हणत होते.

आधी वेदनाशामक गोळ्या, मग २०२३ पासून दर पंधरा दिवसांनी अडॅलिमुमॅब या सूज रोखणाऱ्या औषधाचं इंजेक्शन. (सुरू करण्याआधी टीबी आणि काविळीच्या तपासण्या झाल्या. या औषधांनी शरीरात दडून बसलेला टीबी उठू शकतो, म्हणून त्या टाळू नका.) तीन महिन्यांत रात्रीची जाग थांबली. मला वाटलं, संपलं.

मग २०२४ चा पूर. ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्री नदी शहरात शिरली. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये छातीभर पाणी, तीन दिवस वीज नाही, आणि फ्रिजमध्ये माझी दोन इंजेक्शनं. ती २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. फ्रीजरमधला होता नव्हता तो बर्फ थर्मासमध्ये घालून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ती आत ठेवली. दर दोन तासांनी झाकण उघडून हात लावून बघायचे. खरं तर दर वेळी उघडून मीच गारवा घालवत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी आत कोमट पाणी होतं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, टाकून द्या. दोन डोस हुकले आणि नवरात्रात आजाराने पुन्हा उचल खाल्ली. खाली मैदानात गरबा चालू आणि मी वर गॅलरीचा कठडा धरून उभी. औषध किती काम करत होतं ते ते नसताना कळलं.

त्यातून सावरायला बरेच महिने गेले. या जूनमध्ये डॉक्टरांच्या परवानगीने पुन्हा सुरुवात केली. १ मिनिट धावणं, ४ मिनिटं चालणं, असं पाच वेळा. आठवड्यातून तीनच दिवस. पावसाळाभर तेवढंच. ऑक्टोबरात १ मिनिटाची ३ मिनिटं झाली. आज नोव्हेंबरात सलग ३ किलोमीटर.

या पाच महिन्यांत एक गोष्ट माझ्यापुरती पक्की झाली. माझं धावणं घड्याळ बंद केल्यावर संपत नाही. ते दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उठताना संपतं. पूर्वी मी धावून आले की वेळ लिहायचे. आता वहीत दुसऱ्या सकाळचं लिहिते : रात्री किती वेळा जाग आली, आखडलेपण किती मिनिटं टिकलं, पहिलं पाऊल टाकताना टाच दुखली का, थकवा दहापैकी किती. आखडलेपण अर्ध्या तासाच्या आत सुटलं तर पुढच्या वेळी तेवढंच किंवा थोडं जास्त धावायचं. तासाच्या जवळ गेलं तर फक्त चालायचं. त्याहून जास्त असेल तर घरातच मार्जारासन, भुजंगासन आणि गरम पाण्याची पिशवी. कॅलेंडरवर आखलेला कार्यक्रम मी दोनदा पाळून पाहिला, आणि दोन्ही वेळा तिसऱ्या आठवड्यात आडवी झाले.

आता विचारायचं ते असं. एक, पहाटे अंग सगळ्यात जास्त आखडलेलं असतं, तरी पहाटेच धावावं का? सवय तीच आहे. दोन, यंदाच्या मॅरेथॉनच्या १० किलोमीटरला नाव द्यावं असं फार वाटतंय. बडोद्यात अशा आजारासह धावणारं अजून कोणी आहे का? मला आजवर एकही माणूस भेटलेला नाही.

सुरसागर६१ | रविवार, दुपारी १२.१५

ताई, भेटला. वय ६१, रुमॅटॉइड संधिवात, बारा वर्षं झाली.

माझं दुखणं हातापायांच्या लहान सांध्यांचं. तुमचं मणक्याचं, त्यामुळे औषधं वेगळी. माझं मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच, शनिवारी रात्री. कोणी नवीन वाचत असेल तर लक्षात ठेवा, ही गोळी रोज घ्यायची नसते, आठवड्याचा वार ठरलेला असतो. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. मी कॅलेंडरवर शनिवारला लाल गोल करून ठेवतो आणि गोळी घेतली की सौ. त्यावर फुली मारते.

रविवारी मला मळमळतं, अंगात त्राण नसतं. पहिली दोन वर्षं मी रविवारीच लांब पळायचा हट्ट धरला, कारण सगळा ग्रुप रविवारी पळतो. शेवटी लांब पळणं गुरुवारवर नेलं. एकट्याने पळावं लागतं, पण पळता येतं.

एक बारीकशी गोष्ट, पण माझ्यासाठी तीच मोठी. हिवाळ्यात सकाळी बोटं वळत नाहीत, बुटाची नाडी बांधता येत नाही. बायकोने खाली बसून बांधायची आणि मला मान वर करवेना. मग रावपुऱ्यातून शिवणाच्या दुकानातलं गोल इलॅस्टिक आणलं, नाडीच्या जागी ओवलं आणि वर पक्की गाठ मारली. आता बूट नुसता पायात सरकवतो. बुटाचा पुढचा भाग रुंद घ्या म्हणजे बोटं दाबली जात नाहीत.

दांडियाबझारकर | रविवार, दुपारी ४.०५

ताई, अभिनंदन मनापासून. पण थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका.

आमच्या घरात तीन पिढ्या व्यायामाच्या. आजोबा प्रो. माणिकरावांच्या आखाड्यात जायचे, वडील जायचे. घरात शिकवण हीच की अंग हलतं ठेवा. पण आजोबा असंही म्हणायचे की दुखऱ्या सांध्यावर आघात करू नये. पळताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. मग पोहणं का नको? सायकल का नको? पहाटेचं दोन तास चालणं का नको? माझ्या चुलतभावाला तुमचाच आजार. तो पंचावन्नचा आहे, मान वळत नाही, रस्ता ओलांडताना अख्खं अंग फिरवून बघतो. तो धावायला निघाला तर मी त्याला दारातच अडवीन. तुम्हाला मुलं लहान आहेत, म्हणून लिहिलं.

सांधेसोबती | रविवार, रात्री ९.३०

मी फिजिओथेरपिस्ट आहे. अलकापुरीच्या बाजूला काम करते. पहाटपावलं ताई आणि दांडियाबझारकर काका दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

काका, तुमच्या भावाला धावायला मीही अडवीन. या आजारात वर्षानुवर्षांच्या सुजेनंतर मणके एकमेकांना हाडाने जोडले जाऊ शकतात. असा जोडलेला मणका लवचीक राहत नाही, खडूसारखा होतो आणि साध्या पडण्यानेही मोडू शकतो. शिवाय सुजेमुळे मणक्याचं हाड आतून ठिसूळही होतं. त्यामुळे ज्यांचा मणका जोडला गेलाय, मान वळत नाही किंवा खुब्याचा सांधा खराब झालाय त्यांच्यासाठी पोहणं, चालणं, श्वासाचे व्यायाम. पोहतानाही मान वळत नसेल तर स्नॉर्केल (तोंडात धरायची श्वासाची नळी) लावावा.

पण ताईंचा मणका जोडला गेलेला नाही, औषधाने सूज काबूत आहे, डॉक्टरांनी पाहून परवानगी दिली आहे. अशा माणसाला धावू नको म्हणायला मला कारण दिसत नाही. या आजारात व्यायाम हा औषधाइतकाच उपचार आहे, आणि जो व्यायाम माणूस मनापासून रोज करेल तो सगळ्यात चांगला. फक्त नुसतं धावून भागणार नाही. धावणं पाठ ताणत नाही, छाती उघडत नाही. म्हणून रोज पंधरा-वीस मिनिटं पालथं झोपा, भिंतीला टाचा आणि पाठ लावून डोकं भिंतीला टेकतंय का बघा, बरगड्यांवर हात ठेवून खोल श्वास घ्या. उशी पातळ.

वहीची पद्धत आवडली. त्यात एक सुधारणा सुचवते. एकट्या आखडलेपणावर सगळं सोपवू नका. बासदाई नावाची सहा प्रश्नांची मोजपट्टी असते : थकवा, मान-पाठ-खुबा दुखणं, इतर सांधे, दाबल्यावर दुखणाऱ्या जागा, सकाळचं आखडलेपण किती तीव्र आणि किती वेळ. प्रत्येकाला शून्य ते दहा. शेवटच्या दोन आकड्यांची सरासरी काढायची, ती पहिल्या चारांत मिळवायची आणि पाचाने भागायचं. ४ किंवा जास्त आलं तर आजार जागा आहे असं समजतात. आठवड्यातून एकदा भरा, डॉक्टरांना दाखवायलाही बरं.

टाचेकडे लक्ष ठेवा. स्नायूबंध जिथे हाडाला चिकटतो तिथेच या आजाराची सूज बसते, म्हणून टाचेची मागची बाजू आणि तळवा दोन्ही धोक्यात. ती दुखत असेल तर चढ आणि वेग दोन्ही बंद. धावल्यानंतर दोन तासांनी दुखणं आधीपेक्षा जास्त असेल तर तेवढं धावणं जास्त झालं.

आणि एक कळकळीची विनंती सगळ्यांना. धावायच्या आधी वेदनाशामक गोळी घेऊन निघू नका. एक तर दुखणं झाकलं जातं आणि शरीर सांगत असलेलं ऐकू येत नाही. दुसरं, घामाने पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. बडोद्याच्या उन्हात तर मुळीच नको. रोजची गोळी चालू असेल तर शर्यतीच्या दिवशी काय करायचं ते डॉक्टरांना आधी विचारा.

पहाट की संध्याकाळ? सांधे संध्याकाळी जास्त मोकळे असतात. जमत असेल तर संध्याकाळ. नाहीतर पहाटे उठल्यावर निदान पाऊण तास घरात अंग मोकळं करून मग बाहेर.

पहाटपावलं | सोमवार, सकाळी ७.१०

आजची नोंद : जाग एकदा, आखडलेपण २५ मिनिटं, टाच ठीक, थकवा ४.

काका, राग कसला! तुमच्या भावाचं वाचून रात्री बराच वेळ विचार करत होते. त्यांच्या तरुणपणी ही इंजेक्शनं नव्हती, कदाचित निदानच उशिरा झालं असेल. मी ज्या वाटेने वाचले तिथवर ते पोचूच शकले नाहीत. मी त्यांना विसरून धावणार नाही, एवढं नक्की.

पोहून पाहिलं. बरं वाटलं. पण पाण्यात मला फक्त पाणी दिसतं. धावताना वडाच्या पारंब्या दिसतात, माळीदादा दिसतात, रोजचे आजोबा दिसतात जे दर फेरीला विचारतात, "केम बेन, आजे धीमे धीमे?" आणि मी म्हणते, "हा दादा, धीमे धीमे." एवढ्यासाठीच मी पाच वर्षं झुरले.

सांधेसोबती, मोजपट्टी भरली. २.८ आली. संध्याकाळ करून बघते. स्वयंपाकाची वेळ आहे, पण घरी बोलले तर जमेल.

सुरसागर काका, इलॅस्टिकचं वाचून आईची आठवण झाली. तिचीही बोटं तशीच होती, तिने कधी डॉक्टरला दाखवलं नाही.

अकोटा_ते_आजवा | सोमवार, रात्री ११.२०

मी लिहू का नको करत होतो. माझा आजार आतड्याचा, अल्सरेटिव्ह कोलायटिस. वय २९. सांध्यांचा नाही, पण सूज तीच, औषधंही बरीचशी त्याच घराण्यातली.

माझी अडचण कोणाला सांगता येत नाही अशी. लांब पळताना रक्त पायांकडे वळतं, आतड्याला कमी मिळतं, आणि निरोगी माणसालाही पोटात कळ येऊ शकते. माझी तर अवस्था अशी की शौचालय कुठे आहे हे ठाऊक नसेल त्या रस्त्यावर मी पाऊल टाकत नाही. दीड वर्ष मी फक्त सोसायटीच्या आत गोल गोल पळलो, १८० मीटरची एक फेरी. आता रस्ते आखलेत, दर दीड किलोमीटरवर उघडं असणारं ठिकाण. पेट्रोलपंप, बाग, एक ओळखीचं चहाचं दुकान. त्या चहावाल्या भाईंना मी खरं कारण सांगितलं. त्यांनी काही न बोलता मागच्या दाराची किल्ली कुठे असते ते दाखवलं.

आदल्या रात्री सेव-उसळ बंद, तिखट बंद, दूध बंद. पळायच्या आधी तीन तास काही खात नाही, अर्धं केळं सोडून.

आणि हिमोग्लोबिन तपासा. मी वर्षभर दम लागतो म्हणून स्वतःवर चिडत होतो. ८.९ निघालं. लोहाची तपासणी करताना हेही सांगतो की सूज असताना फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा) खोटं चांगलं दिसू शकतं, त्यामुळे नुसत्या त्या आकड्यावर निर्धास्त राहू नका, डॉक्टरांना सगळे आकडे एकत्र बघू द्या.

सुरसागर६१ | मंगळवार, सकाळी ६.००

बेटा, बरं केलंस लिहिलंस. गुरुवारी माझ्याबरोबर ये. मी हळू पळतो आणि वाटेतली सगळी दारं मला माहीत आहेत, वयामुळे.

आई_मांजलपूर | बुधवार, रात्री १०.४५

मी इथे पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा १९ वर्षांचा. चार महिन्यांपूर्वी अँकायलोझिंग निघालं. कॉलेजच्या टीममध्ये वेगवान गोलंदाज होता. निदान झाल्यापासून बॅट, बूट सगळं माळ्यावर टाकलंय. इंटरनेटवर बांबूसारखा झालेला मणका बघितला त्याने, रात्रभर तेच बघत बसला होता. नवरात्रात मित्र बोलवायला आले तर झोपल्याचं सोंग केलं. त्याच्याशी बोलायला गेलं की म्हणतो, तुला काय कळतंय त्यातलं. खरंच कळत नाही मला.

डॉक्टर आता इंजेक्शनचं म्हणताहेत. खर्चाची भीती वाटते आणि इंजेक्शनचीही. तुम्ही धावता हे मी त्याला वाचून दाखवलं. काही बोलला नाही, पण फोन माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचला.

पहाटपावलं | गुरुवार, पहाटे ५.२०

वहिनी, रात्री वाचलं आणि झोप लागली नाही, म्हणून आत्ताच लिहितेय.

आधी बांबूचं. तो फोटो प्रत्येकाच्या मणक्याचा होत नाही. अनेकांचा मणका आयुष्यभर जोडला जात नाही. तो फोटो बहुतेकदा वीस-पंचवीस वर्षं उपचारांविना गेलेल्या माणसाचा असतो. तुमच्या मुलाचं निदान १९ व्या वर्षी झालं. मला तीन वर्षं लागली, बऱ्याच लोकांना याहून जास्त लागतात. त्याच्या हातात वेळ आहे, हे त्याला सांगा. तो सिगारेट ओढत असेल तर आजच सोडायला लावा, कारण या आजारात सिगारेटने मणका लवकर बिघडतो. (ओढत नसेल तर माफ करा.)

इंजेक्शन मी स्वतः टोचते. मांडीला किंवा पोटाला, दर वेळी जागा बदलून. फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवायचं म्हणजे चुरचुरत नाही. ताप, खोकला, जखम पिकलेली असेल तर आधी डॉक्टरांना फोन, मगच डोस. खर्चाचं म्हणाल तर मूळ परदेशी औषध फार महाग होतं. पण २०१४ मध्ये आपल्या शेजारच्या अहमदाबादच्या झायडस कंपनीने अडॅलिमुमॅबची जगातली पहिली बायोसिमिलर (मूळ औषधासारखीच, दुसऱ्या कंपनीने बनवलेली) आवृत्ती भारतात आणली आणि मग इतरही आल्या. त्यामुळे माझ्यासारख्या शिक्षिकेला हे परवडतंय. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, बायोसिमिलर चालेल का आणि सूज आटोक्यात आल्यावर दोन डोसमधलं अंतर वाढवता येईल का. ते स्वतःहून वाढवू मात्र नका.

डोळा लाल झाला, उजेड टोचायला लागला तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मेडिकलमधले थेंब नकोत.

गरब्याचं. पुराच्या वर्षी मी गॅलरीत उभी होते ते वर लिहिलंय. यंदा खाली उतरले. तीन ताळीच्या संथ फेऱ्यांत वीस मिनिटं, उड्या नाहीत, गिरक्या नाहीत, मग बाहेर येऊन बसले, पुन्हा वीस मिनिटं. माझी मोठी मुलगी मध्येच वर्तुळ सोडून माझ्याजवळ बसायला आली.

रविवारी संध्याकाळी ५ वाजता मी काळ्या घोड्याच्या बाजूच्या फाटकापाशी असेन. त्याला आणा. धावायचं म्हणून नाही. डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली असेल तर मी त्याच्याबरोबर चालेन. आणि तुम्हीही या वहिनी, तुम्ही एकट्या कशाला घरी थांबायचं?

सांधेसोबती | गुरुवार, सकाळी ८.३०

मीही येते रविवारी. गोलंदाजीबद्दल त्याच्याशी समोरासमोर बोलेन. वेगवान गोलंदाजीत पाठ वाकते आणि वळते, शिवाय पुढच्या पायावर सगळा भार येतो, त्यामुळे ते इतक्यात नाही. पण "कधीच नाही" असं आज कोणी त्याला सांगू नये.

दांडियाबझारकर | गुरुवार, सकाळी ९.१५

भावाला हा धागा वाचून दाखवला. तो म्हणाला, त्या मुलाला सांग, उशी पातळ ठेव आणि पाठ सरळ ठेवून झोप, मी हे कोणाकडून ऐकलंच नाही. रविवारी त्यालाही घेऊन येतो. तो बाकावर बसेल.

पहाटपावलं | रविवार, रात्री ८.५०, तीन आठवड्यांनंतर

धागा वर काढतेय.

संध्याकाळचं धावणं जमलं. पोळ्या सहाच्या आधी करून जाते, भाजी नवरा टाकतो. आखडलेपण सरासरी २० मिनिटांवर आलंय. डॉक्टरांनी परवा पुन्हा पाठीवर पेनाने खुणा केल्या, या वेळी १४ भरलं.

मॅरेथॉनच्या १० किलोमीटरला नाव दिलं नाही. गेल्या आठवड्यात ५ किलोमीटर धावले त्यानंतर दोन दिवस टाच धरली आणि मोजपट्टी ३.९ वर गेली. मनात खूप होतं, पण वहीत जे दिसतंय ते खोटं कसं ठरवू? ५ किलोमीटरला नाव दिलंय, आणि त्यातही चालावं लागलं तर चालणार. नवलखीवर उभी राहीन, एवढं या वर्षाला पुरे.

कोलायटिसवाला मुलगा आणि सुरसागर काका आता दर गुरुवारी एकत्र पळतात. काकांनी त्याच्या बुटालाही इलॅस्टिक ओवून दिलं, त्याची बोटं चांगली असताना.

आई_मांजलपूर | सोमवार, सकाळी ७.३५

काल तो ताईंबरोबर १ मिनिट पळाला, ४ मिनिटं चालला. असं चार वेळा. मी आणि दांडियाबझारकरांचे भाऊ बाकावर बसून मिनिटं मोजत होतो.

घरी आल्यावर काही बोलला नाही. जेवला आणि झोपला. रात्रभर माझाच डोळा लागला नाही, जास्त तर झालं नसेल ना म्हणून.

आज सकाळी मी चहा ठेवत होते. तो भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात आला, ओट्याला टेकून उभा राहिला आणि मोबाइलमध्ये बघून म्हणाला, "आई, ३५ मिनिटं. लिहून ठेव कुठेतरी."

घरात कोरी वही नव्हती. दूधवाल्याच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर लिहिलंय.